आकाशाचे आठ भाग

हनुमान टेकडीच्या माथ्यावर पोचले की रोज फिरायला येणारे एक आजोबा जागच्या जागी गोल फिरायचे. देऊळ तर पार पलीकडच्या टोकाला, मग ही प्रदक्षिणा कसली? एकदा विचारलंच.

"ढग मोजतो. डोंगरावरच्या जुन्या वेधशाळेत आयुष्यभर नोकरी केली मी. आकाशाचे मनात आठ भाग करायचे आणि किती भाग ढगांनी भरलेत ते लिहायचं. आता तिथे यंत्र बसवलंय. बसवू दे! मान वर करायची मजा त्याला कुठली?"

परवा मोतीबिंदूचं ऑपरेशन करून, डोळ्याला पट्टी लावून आले. "आज तुम्ही मोजा."

मी वर बघितलं. "तीन."

"अहो, पाठीमागचं आकाश कोणी बघायचं?"

मी सावकाश पूर्ण गोल फिरलो. "पाच!"

आजोबा खूश झाले. शेजारून चाललेल्या एका बाईंनी मात्र चपला काढून आमच्या दिशेला हात जोडले.