साडेसातची माय

मी घर सोडलं त्या सकाळी माय मला पोचवायला स्टेशनवर आली होती, पण तिचं लक्ष माझ्याकडे नव्हतंच. शेजारच्या बाकावर एक अनोळखी बाई बसली होती. तिच्या साडीचा फॉल घोट्यापाशी उसवला होता. माय दोन मिनिटं चुळबुळली आणि मग उठलीच. "ताई, पायात अडकून पडाल," असं म्हणत ती सरळ त्या बाईच्या पायाशी उकिडवी बसली, ब्लाउजला टोचलेली सुई काढली आणि टाके घालायला लागली. तेवढ्यात गाडी आली. बाबांनी माझी बॅग आत ढकलली, बॅगेमागून मला. गाडी हलली तेव्हा माय दातांनी दोरा तोडत होती. तिनं मान वर केली, मला खिडक्यांत शोधलं आणि ओरडली, "जे नेसशील ते नीट नेस!" डब्यातले लोक हसले. मला इतका राग आला होता की मनमाड येईपर्यंत मी रडलेच नाही.

तेव्हा स्टेशनच्या पाटीवर औरंगाबाद होतं, आता छत्रपती संभाजीनगर आहे. पाटीची सवय होते. घरात जे बदललं त्याची मला अजून झालेली नाही, म्हणून हे लिहिते आहे. भावसिंगपुऱ्यातल्या आमच्या गल्लीतल्या बायका दर खेपेला विचारतात, "रंजू, टीव्हीत काम करती म्हंजी नेमकं काय करती गं?" हे त्यांच्यासाठी. आणि माझ्यासारख्या बॅगेमागून ढकलल्या गेलेल्या सगळ्यांसाठी.

मी मालिकांचे कपडे करते. कोणी काय नेसायचं, ते किती जुनं दिसायचं, हे ठरवते. तुम्ही घरी बसून हसता ते मला माहीत आहे. मालिकेतली बाई झोपेतून उठते ती इस्त्रीच्या साडीत, दवाखान्यात धावते ती जरीच्या पदरात, आणि गरीब असली तर तिला एकच ठिगळ, तेही रंग जुळवून लावलेलं. त्यातली निम्मी पापं माझी आहेत. बाकीची चॅनलची. नव्या कापडाचा त्रास असा की ते गप्प बसत नाही. कॅमेऱ्यासमोर तर ते ओरडून सांगतं की मी कालच दुकानातून आलेय. म्हणून आम्ही साड्या चहाच्या पाण्यात बुडवतो, टाचा घासायच्या दगडानं काठ घासतो, वीस-वीस वेळा धुतो. तरी जुनी साडी ती जुनी साडी.

दोन वर्षांपूर्वी मला एक मालिका मिळाली. मराठवाड्यातलं घर आणि मध्यभागी एक आई. दिग्दर्शक म्हणाले, "ही आई दुकानातली नको, घरातली वाटली पाहिजे." मला काय करायचं ते लगेच कळलं. माय तीस वर्षं शहागंजच्या एका साडीच्या दुकानासाठी घरी बसून फॉल-पिको करत होती. हजारो नव्या साड्या तिच्या मांडीवरून गेल्या, आणि स्वतःच्या अंगावर मात्र त्याच सात, वर्षानुवर्षं. मी मुंबईहून सात नव्या साड्या घेऊन गेले आणि त्या सात जुन्या घेऊन आले. अगदी दारावरच्या भांडेवालीसारखा सौदा. माय पोट धरून हसली. "मला नाय नेलं टीव्हीत, माझ्या चिंध्या नेल्या!" मग बॅग भरताना मात्र म्हणाली, "सांभाळून वापर गं. अंगाची सवय लागलीय त्यांना."

मालिका सुरू झाली आणि दीड महिन्यात माय गेली. दुपारी मशीनवर बसल्या बसल्या. पायाखालचं पायडल थांबलं म्हणून बाबांनी स्वयंपाकघरातून डोकावलं, तर ती मशीनवर डोकं टेकून बसली होती.

विहारात वंदनेला जाताना नेसायची एक पांढरी साडी होती, तीच तिला नेसवली. पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला, पाहुणे गेले. लासूर स्टेशनहून आलेली आत्या, म्हणजे बाबांची थोरली बहीण, तेवढी मागे राहिली. आमच्याकडे गेलेल्या बाईच्या अंगच्या साड्यांची वाकळ शिवतात आणि ती घरच्या माणसानं पांघरायची असते. आत्यानं कपाट उघडलं. आत सात नव्या साड्या, पाचांची तर घडीसुद्धा मोडलेली नव्हती. तिनं एक हुंगली, दुसरी हुंगली.

"रंजे, तिच्या अंगच्या कुठं हायेत?"

मी बाबांकडे पाहिलं. बाबाच म्हणाले, "टीव्हीत."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आख्ख्या घरात तिच्या अंगाला मुरलेलं असं एक फडकं मी ठेवलं नव्हतं. तिच्या सातही साड्या मीरा रोडच्या पलीकडे, शूटिंगच्या बंगल्यात, एका लोखंडी पेटीत होत्या. पेटीवर मीच मोठ्या अक्षरांत लिहिलेलं होतं: आई.

बाबा वाळूजच्या कंपनीतून निवृत्त झालेले, मालिका म्हटलं की उठून बाहेर जाणारे. ते रोज साडेसातला टीव्हीसमोर बसायला लागले. आठ वाजता मला फोन. "आज माय निळ्या साडीत व्हती." मी म्हणायचे, "हो बाबा." पुढं पुढं साडीचा उल्लेख गळाला. "आज माय लई दमल्यासारखी दिसली. तिला बसू देत जा." त्या दिवसाचं शूटिंग मला आठवलं. नटीच्या अंगात ताप होता, मेकअपनं आम्ही तो असा झाकला होता की दिग्दर्शकांनाही कळलं नव्हतं.

आई करणाऱ्या बाई चांगल्या आहेत. मी त्यांना ताई म्हणते. साड्या कोणाच्या हे मी त्यांना कधी सांगितलं नव्हतं. एकदा मी मॉनिटरसमोर बसले होते आणि ताई संवाद ऐकता ऐकता पदराच्या टोकाचा पिको अंगठ्यानं चाचपायला लागल्या. टाका टाका मोजल्यासारखं, डावीकडून उजवीकडे. माय बोलता बोलता हेच करायची. ब्रेकमध्ये मी विचारलं, हे कुठून आणलंत? त्या म्हणाल्या, "काय माहीत गं. या साड्या नेसल्या की हात आपोआप तिथं जातो." मी नंतर पेटी उघडून पाहिलं. सातही पदरांची ती टोकं अंगठ्यानं झिजून जाळीदार झाली होती. म्हणजे कारण होतं, अगदी साधं कारण. तरी मी पेटीचं झाकण घाईघाईनं लावलं.

मग मालिकेत पूजा आली. मालिकेत पूजा येतेच, आठवड्याला एक. राखाडी, जांभळ्या काठाची साडी नेसून ताई पाटावर बसल्या आणि निऱ्या सुटल्या. पुन्हा नेसवल्या, पिना लावल्या, पुन्हा सुटल्या. तिसऱ्यांदा सुटल्या तेव्हा आमचे ड्रेसदादा, म्हणजे सेटवर कपडे सांभाळणारे पन्नाशीचे गृहस्थ, माझ्याकडे बघत हळूच म्हणाले, "ताई, ही साडी पूजेला बसत नाही बघा." कापड मऊ झालंय, पिना धरत नाही, असं मी सगळ्यांना सांगितलं. ते खरंही होतं. पण माय धम्मदीक्षा घेतलेल्या घरातली. पूजेला म्हणून ती जन्मात कधी पाटावर बसली नव्हती, हे त्या सेटवर फक्त मला माहीत होतं.

तो भाग दिसला त्या दिवशी बाबांचा फोन आठला नाही आला, सात चाळीसलाच आला. मागे टीव्हीतली आरती ऐकू येत होती. "तिला तिथं का बसवलंय? जिती असताना बसली नाय ती. तिचं कोनी ऐकत नाय का तिथं?" मी म्हणाले, बाबा, ती मालिका आहे. ते म्हणाले, "व्हय, मालिकाच हाय. पण ती आपली हाय ना?"

मी साड्या बदलू द्या म्हणून निर्मात्यांकडे गेले. त्यांनी ऐकून घेतलं नाही. एकदा पात्राचं रूप ठरलं की ठरलं. प्रेक्षक त्या साड्या ओळखतात, बायका तसल्याच दुकानात मागतात. मी मुकाट परत आले. आणि खरं सांगायचं तर मीही फार भांडले नाही. बाबांना दोष कशाला देऊ? भाग दिसायच्या चार दिवस आधी शूटिंग व्हायचं. माय कधी हसणार, कधी चिडणार, हे मला बाबांच्या चार दिवस आधी कळायचं. मी मॉनिटरसमोर खुर्ची ओढून बसायचे आणि माझा डबा तसाच राहायचा.

मग एके दिवशी कथेचे कागद आले. आई मरणार होती. देवघरासमोर कोसळणार, त्याच राखाडी साडीत. मग तिचा मळवट भरणार, वरून हिरवी साडी घालणार, मंत्र म्हणत नेणार. पात्र मेलं की त्याची पेटी सामायिक कपड्यांत रिकामी करतात. मग लग्नातल्या गर्दीत, बाजारात, कोणाच्याही अंगावर त्या साड्या.

शूटिंगला पंधरा दिवस असतानाच चॅनलनं आईच्या मरणाची जाहिरात सुरू केली आणि बाबांना कळलं. फोनवर ते इतकंच म्हणाले, "रंजू, तिला घेऊन ये. आपल्या पद्धतीनं गेलीय ती एकदा. परत त्यांच्या पद्धतीनं नको."

मी शहागंजच्या त्या दुकानात फोन केला. मायला ओळखणारे जुने मालक अजून गल्ल्यावर बसतात. त्यांनी माळ्यावरून तसलीच राखाडी साडी शोधून पाठवली, कधीची न विकलेली. मग मी माझी सगळी विद्या पणाला लावली. चहाचं पाणी, दगड, ऊन, पंचवीस धुणी. पदराचं टोक मी माझ्याच अंगठ्यानं झिजवलं, आठ दिवस, रिक्षात बसल्या बसल्यासुद्धा. शूटिंगच्या दिवशी खरी साडी आणि नकली साडी शेजारी ठेवल्या तर मलाच क्षणभर कळेना. खऱ्या सातही मी बॅगेत भरल्या. ड्रेसदादा दारात उभे होते. म्हणाले, "न्या ताई. मी पाहिलं नाही."

कोणाला काही कळलं नाही. ताई मात्र देवघरासमोर अवघडून उभ्या राहिल्या. "आज हातांचं काय करावं सुचत नाहीये," त्या म्हणाल्या.

तो भाग दिसणार त्या संध्याकाळी मी घरी, बाबांच्या शेजारी बसले होते. पडद्यावर आई कोसळली, सुना धाय मोकलून रडल्या. मी बाबांकडे चोरून बघत होते. ते निवांत बसले होते. "ही ती नाय," ते म्हणाले. "उगं रडतायत." त्यांनी टीव्ही बंद केला.

मी बॅग उघडून साड्या त्यांच्या पुढ्यात ठेवल्या. त्यांना पावडरचा, अत्तराचा, परक्या घामाचा वास येत होता. बाबांनी सकाळी त्या स्वतः धुतल्या, गच्चीवर वाळत घातल्या, आणि दिवसभर तिथंच खुर्ची टाकून बसले. आत्याचा वाकळीसाठी फोन आला तर म्हणाले, "कापायच्या नायत." मला वाटलं, सुटलो आम्ही. फार मोठं ओझं उतरल्यासारखं झालं. संध्याकाळी त्यांनी सवयीनं घड्याळाकडे पाहिलं आणि लहान मुलासारखं विचारलं, "आणली ते बरं केलंस. पण आता साडेसातला मी काय बघू?"

मी निघताना त्यांनी त्या साड्या घडी करून माझ्याच बॅगेत ठेवल्या. "मी काय नेसणार हाय का?"

मुंबईत पोचले त्या दिवशी साडेसातला त्यांचा फोन आला. पोचलीस का एवढंच विचारलं आणि फोन तसाच चालू ठेवला. दुसऱ्या दिवशी मी राखाडी साडी नेसले, नीट, आणि मोबाईल टेबलावर उभा करून त्यांना व्हिडिओ कॉल लावला. बाबांचा चेहरा पाहून मला इतकं बरं वाटलं की मी तिसऱ्या दिवशीही नेसले. आता रोज. सातही आळीपाळीनं. तुम्ही विचारता, घरची आठवण येत नाही का? पूर्वी घर म्हणजे सुट्टीत जायची जागा होती. आता घर म्हणजे मोबाईलची ती उभी चौकट. संध्याकाळी साडी नेसून मी तिच्यात जाऊन बसते, आणि पलीकडून बाबा बघत असतात. काय भाजी केली, गुडघा दुखतो का, असलं बोलतात. माझा अंगठा मांडीवरच्या पदराच्या टोकाशी चाललेला असतो. सुरुवातीला ते मला नावानं हाक मारायचे. कधी थांबले ते मला सांगता येणार नाही.

परवा बोलणं संपत आलं तेव्हा ते पडद्याच्या अगदी जवळ आले.

"अगं, रंजूचा काही फोन आलता का?"

"व्हय," मी म्हणाले. "बरी हाय ती."