खोक्यांवर पडलेला माणूस

लंडनजवळच्या स्लाऊमधल्या आमच्या वेअरहाऊसमध्ये सेफ्टी ट्रेनिंग देणारे हाँगकाँगचे एक साठीतले गृहस्थ आहेत. जिन्यात कुणी हँडरेल सोडलं, की ते लगेच शिट्टी वाजवतात. मी त्यांना भित्रे समजत होतो.

एकदा मी रिकामी खोकी चेपत होतो, तर ते कळवळले. त्यांनी एक खोकं हलकेच थोपटलं. "आम्ही ह्यांच्यावरच पडायचो. तिसऱ्या मजल्यावरून." कँटोनीज सिनेमात हीरोच्या जागी हेच उड्या मारायचे. शूटिंगच्या वेळी आवाज घेतच नसत, तो नंतर स्टुडिओत भरत.

"पण पडताना तुम्ही ओरडत असालच ना?"

"खूप. पडद्यावर मात्र किंकाळी दुसऱ्याची. शेकडो वेळा मेलो, एकदाही स्वतःच्या आवाजात नाही."

परवा दोन्ही हातांत चहाचे मग घेऊन जिना उतरताना माझा पाय घसरला. मागून कँटोनीजमध्ये अशी आरोळी आली, की अख्खं वेअरहाऊस थबकलं. मी दोन्ही मग टाकून हँडरेल पकडलं.

नंतर ते शांतपणे अपघाताचा फॉर्म घेऊन आले. 'कोणी सावध केलं?' या रकान्यात त्यांनी ठळक अक्षरांत स्वतःचं नाव लिहिलं, आणि दोनदा वाचून पाहिलं.