टीव्हीचं कुंकू

खंडेनवमीला लेकीनं गावाकडून शाळेचा फोटो धाडला. सरकारनं दिलेला मोठा टीव्ही, त्याच्या काळ्या काचेला हळदीकुंकू, वर झेंडूची माळ. मी फोन करून विचारलं, "यावर काय शिकवतात गं?"

"काही नाही, बाबा. शाळेची लाईट कापलीय."

"मग फळ्यावर?"

"फळा टीव्हीमागं गेला."

त्याच फळ्यावर गुरुजींनी मला अक्षरं शिकवली. शाळा सातवीत सुटली, तरी इथं इंदूरच्या गोदामात मालावरची नावं वाचून पोट भरतो, ती त्यांचीच कृपा. लेकीनं कशावर शिकायचं, ही धास्ती जात नाही. हत्यारं वर्षभर राबतात म्हणून पुजायची. हा टीव्ही तर न राबताच देव झाला.

फोटो पुन्हा पाहिला. काचेत एकच चित्र उमटलं होतं: फोटो काढणारी माझी लेक, आणि तिच्या कपाळावर टीव्हीचं कुंकू.