हिरव्या वायरीचं टोक

दुपारी जेवून लवंडलो तरी मला झोप लागत नाही, असं मी सांगतो. दहा मिनिटांत घोरायला लागतो, असं माझी बायको सांगते. आज मात्र मी खरंच जागा आहे. छातीवर कागद आहे. माझ्या पुतणीनं, तेजलनं, तिच्या गेमिंग कॉम्प्युटरच्या भागांची यादी लिहून दिली आहे. प्रोसेसर, मदरबोर्ड, रॅम, ग्राफिक कार्ड, एसएमपीएस, कॅबिनेट. सगळं मिळून पासष्ट हजारांत बसवायचं. ती आणि वहिनी चार वाजता दुकानात जाणार आहेत. मी फक्त एवढंच सांगायचं आहे की एसएमपीएस, म्हणजे आतल्या सगळ्या भागांना वीज पुरवणारा तो डबा, कोणता घ्यायचा. घरात वायरमन मी एकटा, म्हणून हे खातं माझ्याकडे.

तिनं ग्राफिक कार्ड तगडं निवडलंय आणि एसएमपीएस कुठला तरी बिननावाचा. ही पोरं असंच करतात, पडद्यावर जे चमकतं त्याच्यावर खर्च आणि आत जे राबतं त्याच्यावर काटकसर. मी ती ओळ खोडतो, वर चांगला एसएमपीएस लिहितो, तोही खोडतो. पंख्याची हवा गरम आहे. अक्षरं जराशी सरकतात. मी त्यांना जागेवर आणतो, ती पुन्हा सरकतात.

"नंद्या, काय वाचून रायला बे?"

खाटेच्या पायथ्याशी दिवाकरदादा बसलाय. माझा थोरला भाऊ, तेजलचा बाप. नऊ वर्षांपूर्वी मे महिन्यात कूलरमध्ये पाणी भरताना त्याला करंट लागला आणि तो जागेवर गेला. त्याचे हात कोपरापर्यंत ओले आहेत. तो कागद मागतो आणि मला भीती वाटते. मेलेल्या माणसाची नाही, तपासणीला आलेल्या साहेबाची वाटावी तशी.

आम्ही दुकानात आहोत. काउंटर म्हणजे वहिनीच्या स्वयंपाकघरातला ओटा आहे आणि त्याचं कुणाला काही वाटत नाही. दादा एकेक खोका उघडून विचारतो, मी सांगतो. प्रोसेसर हिशेब करतो, ग्राफिक कार्ड चित्र काढतं. रॅमला रंगीत दिवे कशाला, असं तो विचारतो. हौस म्हणून, असं मी सांगतो. तो हसत नाही. मग तो दोन एसएमपीएस दोन तळहातांवर घेतो आणि हलके हलके झुलवतो. मोटर, ट्यूबलाइटचा चोक, काहीही घेताना हेच त्यानं मला शिकवलं होतं. जड असेल त्याच्यात तांबं असतं.

"वजन पाह्य," तो म्हणतो.

मी घाईघाईनं म्हणतो की जडवालाच घेऊ, महाग पडला तरी चालेल, कार्ड एक पायरी खालचं घेऊ, तेजलची समजूत मी काढतो. इतका उदार मी आयुष्यात कधी झालो नव्हतो. एकदा तो डबा चांगला आला की प्रश्नच मिटला, असं मी सकाळपासून स्वतःला सांगतोय.

दादा डब्याची वायर हातात धरतो आणि थ्री पिनमधली तिसरी पिन कशाला असते ते विचारतो. शिकाऊला विचारतात तसं. मी धडा म्हणून दाखवतो. दोन पिना विजेच्या, तिसरी अर्थिंगची. आत काही बिघडून करंट पत्र्यात उतरला तर तो माणसातून न जाता हिरव्या वायरीतून जमिनीत जावा म्हणून.

"मंग चाल," तो म्हणतो. "कुठी जाते पाहू."

हिरवी वायर भिंतीवरून निघालीय आणि आम्ही तिच्या मागे. दुकान संपत नाही. ते आमच्या शाळेचा व्हरांडा होतं, मग सरकारी दवाखान्याचा, जिथं त्याला आणलं होतं. बाकड्यावर बसलेली माणसं वायर ओलांडायला पाय उचलतात. दादाच्या हातातून पाणी ठिबकतंय. मी मागे राहिलो की तो थांबतो, त्यामुळे मला मागे राहता येत नाही.

मग त्याच्या घराची बाहेरची खोली. कूलर होता त्या जागी तेजलचं टेबल आहे, त्याच्यावर कॉम्प्युटरचं कॅबिनेट, लोखंडाचं, काळं, आतले दिवे चालू. दादा भिंतीतला बोर्ड नखानं उघडतो. मागून हिरवी वायर बाहेर येते. वीतभर लांब, कुठंच न जोडलेली, टोक गुंडाळलेलं, त्याच्यावर दोन वेढे टेप. वेढे माझे आहेत. दुसरा वायरमन असे उलटे वेढे देत नाही.

ते घर बांधलं तेव्हा वायरिंग मी केलं. मागच्या अंगणात अर्थिंगचा खड्डा तेवढा राहिला होता. ऊन फार होतं, उद्या खोदतो म्हणालो आणि दुसऱ्या कामावर गेलो. दादा गेल्यावर मी सगळ्यांना सांगितलं की कूलरची मोटर खराब होती. ते खोटं नव्हतं. पण त्यानंतर खड्डा खोदणं मला जमलं नाही. आता कशाला, असं वहिनीनं विचारलं असतं.

"मी याले हात लावतो," दादा म्हणतो. "थांब म्हन, मी थांबतो."

ओला हात कॅबिनेटकडे निघतो. एक वीत. चार बोटं. आतले दिवे त्याच्या तळहातावर लाल पडतात. एक बोट.

"दादा, खड्डा खोदलाच नाही म्या."

हात थांबतो.

"मले माहीत हाय," तो म्हणतो. "पोरीले माहीत हाय का?"

मागचं अंगण. आम्ही गुडघ्यावर बसलोय आणि खड्डा कमरेइतका खोल आहे. तो घमेल्यातून कोळसा देतो, मग खडेमीठ, मग पुन्हा कोळसा. असाच भरतात हा खड्डा, जमीन ओल धरून ठेवते आणि करंट तिच्यात सहज उतरतो. मी हातानं थर दाबतो. रागावलास का, असं मी विचारतो. पोकळ राहू देऊ नको, एवढंच तो म्हणतो आणि ओंजळीतलं पाणी वरून सोडतो.

फोन वाजतोय. यादी खाटेखाली पडलीय, सव्वाचार झालेत.

"काका, आम्ही दुकानात आहोत," तेजल म्हणते. "एसएमपीएस कोणता घेऊ? आई म्हणून राहिली, काका म्हणतील तोच."

नाव माझ्या ओठावर आहे. एक नाव सांगायचं की सुटलो. उजवा हात काळा का दिसतोय ते मला कळत नाही.

"आज काही घेऊ नको बेटा. आईला फोन दे."

वहिनी फोनवर येते. मी सांगतो. तुमच्या घरात अर्थिंग नाही, मी कधी केलंच नव्हतं, दादा गेला त्या दिवशीही नव्हतं. थांबलो तर पुन्हा बोलता येणार नाही म्हणून सगळं एका दमात सांगतो. पलीकडे दुकानदार कुणाला तरी गॅरंटी समजावतोय.

"नऊ वर्सं मी त्यायलेच दोष देत आली, भाऊजी," वहिनी म्हणते. "बटन बंद न करता पानी भरलं म्हनून. मरता मरता सुदा त्यायनं माह्यं आयकलं नाई म्हनून."

ती फोन ठेवत नाही, मीही ठेवत नाही. बायको चहा घेऊन दारात उभी आहे आणि हात कशानं माखला ते खुणेनं विचारतेय. आमच्या घरात गॅस आहे, कोळसा वीस वर्षांत आला नाही. नखांच्या आत तो गच्च बसलाय. मी एक बोट जिभेला लावून बघतो. खारट आहे.