थोड्या गोळीवर काढलेला हिवाळा

त्या सकाळी मी शेवंती तोडत होते. खुटबावला आमचं रान गावापासून जरा आत आहे. धुकं उतरलेलं असलं की फुलांचे वाफे कुठं संपतात आणि आभाळ कुठं सुरू होतं, ते कळत नाही. ओटी भरत आली होती आणि एकाएकी फुलं खाली पडायला लागली. बघते तर ओटीचं टोक धरलेला डावा हात सैल लोंबत होता. मला भीती वाटली नाही. उलट सगळं फार शांत झालं. ‘हा हात कुणाचा?’ एवढंच मनात आलं आणि मी वाफ्यातच खाली बसले. पलीकडच्या सरीतून सून धावत आली. तिचे ओठ हलताना दिसत होते, पण आवाज कालव्याच्या पलीकडून आल्यासारखा येत होता.

लकवा होता. हृदयाचे ठोके चुकत होते, त्यातून गुठळी होऊन मेंदूत गेली, असं दौंडच्या डॉक्टरांनी सांगितलं. तोंड वाकडं झालं होतं ते सरळ झालं. पाय ओढत का होईना, चालू लागला. हात तेवढा राहिला. रक्त पातळ ठेवायची गोळी जन्मभर घ्यायची, चुकवायची नाही, असं बजावून त्यांनी घरी सोडलं. गावातल्या बायका भेटून गेल्या. ‘थोडक्यात निभावलं गं,’ म्हणाल्या. मीही मान हलवली.

मनाचं दुखणं त्यानंतर आलं. कधी आलं, ते मला सांगता येत नाही. सून भाकरी चुरून पुढं ठेवायची, मी खायचे, पण चव लागायची नाही. दुपारी ओसरीवर बाजेवर पडून असायचे. पत्र्यावरचं ऊन सरकत जायचं, दौंडकडं जाणारी गाडी खडखडत निघून जायची, आणि हे सगळं मी पाण्याखालून बघतेय असं वाटायचं. रडू येत नव्हतं. मी घरातच होते, पण घरात कुणीतरी नुसती माझी आठवण काढत असावं, तशी होते. शेजारीपाजारी म्हणायचे, हिला बसून खायची गोडी लागली. ते कानावर पडायचं, पण लागायचं नाही.

डॉक्टरांनी मनाला उभारी यावी म्हणून एक गोळी सुरू केली. थोड्याच दिवसांत मला ओसरीवर मेंढरं दिसू लागली. आमच्या घरी सासऱ्यांच्या काळात मेंढरं होती, पण मी लग्न होऊन आले तोवर ती विकून झाली होती. मी ती कधी पाहिलीच नव्हती. तरी ती बाजेभोवती मुकाट उभी असायची, त्यांच्या अंगाची ऊब माझ्या पायांना लागायची. मी सुनेला म्हणाले, “अगं, त्यांना पाणी दाव की.” तिनं घाबरून माझ्या मालकांना हाक मारली. पुन्हा दौंडचा दवाखाना. रक्तातलं मीठ, ते सोडियम म्हणतात ते, त्या गोळीनं फार उतरलं होतं. गोळी बंद झाली. खरं सांगते, मेंढरं गेली याचं मला वाईट वाटलं.

दुसरी गोळी दिली, तर हिरड्यांतून रक्त यायला लागलं, मांडीवर काळेनिळे डाग उठले. रक्त पातळ करायच्या गोळीशी तिचं जमेना, आणि रक्ताची गोळी तर सोडता येत नव्हती. मग दुसरीही बंद.

माझी थोरली बहीण शिरूरला दिलेली आहे. ती भेटायला आली, माझ्यासमोर बराच वेळ बसली आणि मालकांना म्हणाली, “ही माझी बहीण न्हाई. हिला मनाच्या डॉक्टरला दाखवा. आमच्याकडं एक बाई हायत.”

“येडी झाली का ती?” मालक म्हणाले.

“आजारी झालीय. आजारी माणसाला डॉक्टर लागतो, एवढंच.”

त्या डॉक्टरबाईंनी आधीचे सगळे कागद पाहिले, आम्हा दोघांचं ऐकून घेतलं. मग माझ्याकडं वळून म्हणाल्या, “मावशी, तुम्हाला चालतील अशा गोळ्या थोड्याच आहेत. त्यात घाई नको. पण एक ध्यानात ठेवा. मेंदूला मार बसला की मन असं होतं. हा तुमचा आळस नाही आणि नाटकही नाही.”

“मग आता करायचं काय?” मालकांनी विचारलं.

“रोज सकाळी ऊन आणि चालणं. मनात असो नसो, रोज एक काम. आणि दर आठवड्याला इथं येऊन बोलायचं.”

“निस्तं बोलायला एवढ्या लांब?”

“हो.”

मालकांना ते पटलं नव्हतं. पण ते मला घेऊन जात राहिले. एसटीची पायरी मला चढवेना, म्हणून मोटरसायकलवरून. डाव्या हातानं धरता येत नव्हतं, तेव्हा त्यांनी सासऱ्यांचा जुना फेटा काढला, माझ्या पाठीवरून घेऊन स्वतःच्या छातीशी घट्ट गाठ मारली. चौफुल्यावर चहाच्या टपरीवरचा एकजण ओरडला, “आप्पा, मामी पळून जातील व्हय?” मालक हसले नाहीत. मी मात्र त्यांच्या पाठीला गाल लावून डोळे मिटले.

ते पौषातले दिवस होते. पारगावच्या पुलाखाली भीमेवर धुकं साचलेलं असायचं. पाणी दिसायचं नाही. पूलच ढगातून चाललाय असं वाटायचं. ऊसगाड्या धुक्यातून निघायच्या आणि धुक्यातच विरायच्या. घोंगावणाऱ्या वाऱ्यात मालक बोलायला लागले. लग्नाला एवढी वर्षं झाली, समोरासमोर ते कामापुरतं बोलायचे. इथं मला त्यांचं तोंड दिसत नव्हतं, त्यांना माझं. पाऊस, रोपं, मोटरीचा बिघाड, असलंच काहीबाही असायचं. एकदा मात्र म्हणाले, “सकाळी उठलो की आधी तुझ्या पोटाकडं बघतो. वरखाली हुतंय का न्हाई ते.”

पूल संपला होता. मी म्हणाले, “मला वाटतं, सकाळी डोळे उघडूच नयेत.”

त्यांनी गाडी कडेला घेतली. वळून बघायला गेले, पण फेट्यानं आम्ही बांधलेले होतो. गाठ घाईत सुटेना. मग ते तसेच बसून राहिले, पाय जमिनीला टेकवून. त्यांची पाठ हलत होती. पुढं बघतच म्हणाले, “सांगितलंस ते बरं केलंस. परत वाटलं तर परत सांग. झोपेत असलो तरी उठीव मला.” आणि मग, “डॉक्टरबाईंना मी सांगू का तू सांगतीस?”

“मी सांगते.”

बाई दचकल्या नाहीत. त्यांनी सरळ प्रश्न विचारले, मीही सरळ उत्तरं दिली. त्या दिवशी घरी आल्यावर मुलानं फवारणीची औषधं आणि माझ्या गोळ्या कुलपात ठेवल्या. काही दिवस कुणी ना कुणी माझ्याजवळ असायचं. कुरकुंभच्या कंपनीतून पाळी करून आला की मुलगा हातपाय धुऊन आधी माझ्याशेजारी टेकायचा. बाईंनी दौंडच्या डॉक्टरांशी बोलून एक वेगळी गोळी अगदी थोड्या मात्रेत सुरू केली, रक्त तपासत तपासत. तिनं झोप जरा बरी लागू लागली. बाकीचं काम आमचं आम्हालाच करायचं होतं.

रोजचं काम म्हणून मी फुलं निवडायला घेतली. उमललेली एकीकडं, कळ्या एकीकडं. डावा हात कापडावर नुसता ठेवायचा, म्हणजे कापड हलत नाही. पहिल्यांदा ढीग पाहूनच मला रडू फुटलं, ते थांबेचना. सून धावत आली. मी तिला खुणेनं बस म्हणाले. इतक्या दिवसांनी रडू आलं होतं.

माघ लागायच्या सुमारास एकदा बाईंकडून निघून आम्ही बहिणीच्या घरी गेलो. तिनं दारात आगटी पेटवून हुरडा भाजला होता. गरम दाणे तळहातावर चोळून, फुंकर मारून ती मला देत होती. धूर डोळ्यांत जात होता. मी दाणे चटणीला लावून तोंडात टाकले आणि म्हणाले, “आक्का, चटणीत मीठ जास्त झालंय.”

तिचा हात तसाच राहिला. पदर डोळ्याला लावून ती म्हणाली, “व्हय गं, झालंय खरं.” मालक आगटीकडं बघत बसले होते. मी अजून एक मूठ मागून घेतली.

सगळं सुटलं असं नाही. हात खांद्यापर्यंत येतो, बोटं उघडत नाहीत. काही दुपारी ते पाणी पुन्हा डोक्यावरून जातं. तेव्हा मी मालकांना सांगते, “आज बरं न्हाई.” ते हातातलं काम सोडतात आणि आम्ही कालव्याच्या कडेनं चालत सुटतो. बोलणं होतंच असं नाही. शिरूरला आता महिन्यातून एकदा जाते.

गेल्या आठवड्यात वस्तीवरची एक बाई आली. तिच्या दिराला लकवा झालाय, भिंतीकडं तोंड करून पडून असतो, कुणाशी बोलत नाही, म्हणाली. मी गेले. त्याच्या खाटेशेजारी बसले. मला लांबलचक बोलता येत नाही, एवढंच म्हणाले, “भाऊ, हे दुखण्यानं हुतं. तुमच्यानं न्हाई.” तो वळला नाही. त्याच्या बायकोनं पेरू कापून आणला, तो मी खाल्ला. अंगणात कोंबड्या माती उकरत होत्या, त्यांच्याकडं बघत बसले. उठताना म्हणाले, “उद्या येते.”

भिंतीकडूनच तो म्हणाला, “लवकर या. दुपार लय मोठी आसती.”