काही पक्षी वाचतात

जगात जी पुस्तकं कुणीच वाचली नाहीत, ती झाडून सगळी माझ्या बायकोच्या मामांनी वाचली होती. नावाजलेलं पुस्तक पुढे केलं की ते तोंड फिरवत. "त्याला वाचायला दुनिया बसलीय की, पावणं! ह्या बिचाऱ्याला कोन हाय?"

त्यांचं वाचनालय म्हणजे वारूळवाडीतली त्यांची टोमॅटो पॅकिंगची शेड. तेव्हा लाकडी खोक्यांत टोमॅटोखाली रद्दी अंथरत, आणि ती पुण्याहून गोण्यांनी येई. मामा आधी रद्दी निवडत, मग टोमॅटो. उंटाचे दात, दीपगृहाची देखभाल, सासरी लिहायच्या पत्रांचे नमुने, काहीही चाले. दीपगृहाचं पुस्तक संपेस्तोवर त्यांनी ट्रक असा अडवून धरला, की वाशीला पोचेपर्यंत टोमॅटोला मोड आले होते. निदान मी तरी सगळीकडे असंच सांगतो.

सुटी पानं मामा दाभणाने सुतळीत शिवत. अशाच एका बिननावाच्या कादंबरीची नायिका, वत्सला, मरणाला टेकली होती, आणि पुढची पानं गायब. मामांनी त्याच मापाची दुसरी पानं जोडली. शिवणीअलीकडे होतं, 'वैद्यांनी नाडी पाहिली आणि म्हणाले,' आणि पलीकडे, 'मान वाकडी होते. पिसे झडतात. आजारी पक्ष्यास कोरड्या जागी वेगळे ठेवावे. काही पक्षी वाचतात.' इथे तीही पानं संपली.

"मामा, अहो हे कोंबड्यांच्या मानमोडीचं पुस्तक आहे!"

"तुमी डिंगोरे गावची मानसं, तुमाला उपमा कळायची न्हाई."

शेडमध्ये ते हे मोठ्याने वाचत. खोकी भरणाऱ्या बाया पिसांपाशी डोळ्यांना पदर लावत. "जगली का वो ती, मामा?" मामांचा चेहरा पडे. "त्येच तर घावत न्हाई. पन 'काही' म्हनलंय. काही." त्या एका शब्दावर त्यांनी पोरीला दहा वर्षं जिवंत ठेवली होती. प्रत्येक नवी गोणी ते तिच्यासाठीच उपसत.

पुढे प्लास्टिकचे क्रेट आले, रद्दी बंद झाली, मामांची नजरही गेली. आणि मला पुण्यात फुटपाथवर ती कादंबरी सापडली. वत्सलेच्या नावावरून ओळखली. अख्खी! एस.टी.त न वाचता तशीच नेली. खाटेशी बसून वाचू लागलो. मामांनी माझं मनगट धरलं होतं.

शेवटच्या पानावर वत्सला गेली होती.

"थांबलात का? जगली का पोरगी?"

जन्मभर फुकटात थापा मारल्या, पण अशी जड थाप कधी मारली नव्हती. वाचत असल्यासारखं म्हणालो, "पहाटे ताप उतरला. तिने पेज मागितली."

"बगा!" मामा खाटेवर उठून बसले. "काहींतली निघाली! मंग मान?"

"सरळ झाली."

"आन तुमी म्हनत व्हता कोंबडी!"

मामा त्याच वर्षी गेले. ते शेवटचं पान मी त्या दिवशी निघतानाच गुपचूप फाडलं होतं. कुणाच्या तरी टोमॅटोखाली सारून मोकळा होणार होतो. पण आता क्रेटात कागद कोण अंथरतंय? पान अजून माझ्याकडेच आहे.