मान्झाचे शब्द आणि नको असलेला आवाज

माणसं जिथे बोलण्याबद्दलच बोलतात, तिथे किस्से साठणारच. नॉटिंगहॅमच्या एका युनिव्हर्सिटीतल्या भाषा विभागाने मला इतके पुरवलेत, की काही सांगून टाकलेलेच बरे.

माझी बायको सुधा तिथे मध्य आफ्रिकेतल्या मान्झा लोकांच्या मान्झा भाषेचे शब्द टेप करायची. शब्द सांगणारा एकटा पॉल, हॉस्पिटलमधला पोर्टर. एकदा लॅटिन शिकवणाऱ्या विभागप्रमुखांनी विचारलं, "नॉटिंगहॅममध्ये ही भाषा बोलतात तरी किती जण?"

"एक," सुधा म्हणाली. "आणि तुमची लॅटिन?"

*

मान्झात 'ग' आणि 'ब' एकाच दमात, एकत्र फोडायचे असतात. सुधा भांडी घासताना सराव करायची. एका रविवारी शेजारच्या बाई दारात हजर. "तुमचं सिंक तुंबलंय का? माझ्या ओळखीचा प्लंबर आहे!"

*

२००६ मध्ये सुधा गेली. शब्दांची यादी अर्धी राहिली होती, म्हणून टाइप करायला मी जाऊ लागलो.

या भाषेत सूर चढला-उतरला की अर्थ बदलतो. त्यासाठी अक्षरांवर खुणा असतात. विभागप्रमुख म्हणाले, "फॉन्टचा फार त्रास होतोय. खुणा काढून टाकू या. वाचणारे समजून घेतील."

पॉल शिफ्ट संपवून युनिफॉर्ममध्येच आला होता. "सर, मोटरवेच्या पाट्यांवरचे आकडेही काढा ना. ड्रायव्हर समजून घेतील!"

खुणा राहिल्या.

*

मग टेप कॉम्प्युटरवर चढवायचं काम निघालं. टेक्निशियनने उत्साहाने मला हेडफोन दिला. "ऐका, किती क्लीन झालंय!"

पॉलचा शब्द. शांतता. पॉलचा शब्द. शांतता.

"विचारणाऱ्या बाईंचा आवाज?"

"नॉन-नेटिव्ह होता. कापला."

"आणि मूळ टेप?"

"कपाटात जागा नव्हती."

पाच वर्षांचा आवाज! आणि मी काय म्हणालो? "थँक यू." त्या थँक यूचा राग मला अजून येतो.

*

पहिली वीस-एक रेकॉर्डिंग खराब निघाली. पॉलला पुन्हा बोलावलं. तोवर मी त्याला कापाकापीचं सगळं सांगितलं होतं.

टेक्निशियनने लाल दिवा लावला. "फक्त शब्द म्हणा. पहिला, पाणी."

पॉलने खुर्ची पुढे ओढली, घसा साफ केला आणि सुधाच्या पुणेरी इंग्रजीत सुरुवात केली. "ओके पॉल, वॉटर? थांब हं, पेन कुठे गेलं..." मग स्वतःच्या आवाजात तो शब्द. मग सुधा म्हणायची तसा, चुकीच्या सुरात. मग तिचं ते "च्च!" मग पुन्हा बरोबर.

वीसही शब्द असेच! मी काचेपलीकडे उभा होतो.

टेक्निशियन गोंधळून म्हणाला, "यातलं नॉन-नेटिव्ह कुठलं? कापू काय?"

पॉलने हेडफोन काढून टेबलावर ठेवला. "मी मान्झा आहे. सगळं ठेवा."